जनुकांचें दप्तर

त्र्यंबकेश्वरीं किंवा नाशिकास यात्रेसाठीं गेलेल्या कुटुंबापुढें तेथील क्षेत्रोपाध्याय आपली जुनी वही उघडतात, तेव्हां त्या कुटुंबास मोठें कौतुक वाटतें. पणजोबा कोणत्या सालीं आले होते, त्यांच्या समवेत कोण होतें, मूळ गांव कोणतें, हें सारें त्या वहींत लिहिलेलें असतें. वहीचें मोल तिच्या कागदांत नाहीं. एक नोंद दुसरीशीं बरोबर जुळलेली आहे, या विश्वासांत तें आहे. एका घराण्याचें पान दुसऱ्याच्या पानांत मिसळलें, किंवा एकाच नांवाचे दोन पुरुष एक समजले गेले, तर वही होती तशीच सुंदर राहते आणि अक्षरहि वळणदारच राहतें. परंतु ती जें सांगते तें खोटें असतें. आणि तें खोटें आहे, हें नुसत्या वहीकडे पाहून कोणासहि कळत नाहीं.

आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेचें दप्तर याच जातीचें आहे; भेद एवढाच कीं, तेथील वही संगणकाच्या पोटांत असते. एखाद्या बालकाच्या रक्ताचे चार थेंब प्रयोगशाळेंत येतात. नळीवर क्रमांक चिकटविला जातो. रक्तांतून डी.एन.ए. वेगळें काढतात, यंत्र त्यांतील अक्षरांचा क्रम वाचतें, आणि हा क्रम, नळीचा क्रमांक, बालकाचें व मातापित्यांचीं नांवें, दिनांक, यंत्राची खूण, तपासणाराची सही असें सर्व कांहीं संगणकांतील तक्त्यांत जाऊन बसतें. मानवाच्या एका जनुकसंचांत सुमारें ३०० कोटी अक्षरें असतात. तीं डोळ्यांनीं वाचून पडताळणें कोणासहि शक्य नाहीं. डॉक्टरांपुढें शेवटीं येतें तें रक्त नव्हे आणि नळीहि नव्हे. या तक्त्यांतून निघालेली एखादी ओळ येते. त्या ओळीवर औषध ठरतें, विवाहापूर्वींचा सल्ला ठरतो, प्रसंगीं शस्त्रक्रियाहि ठरते. म्हणून हें दप्तर कोठें चुकतें, चुकल्यास चूक कशी शोधतात, आणि तें चुकूं नये यासाठीं कोणती शिस्त पाळतात, हें प्रयोगशाळेबाहेरच्या सुशिक्षित माणसानेंहि समजून घेण्यासारखें आहे.

या शास्त्राचा आरंभच मुळीं एका काटेकोर मोजणीनें झाला. ब्रनो येथील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यानें १८५६ सालापासून वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले. १८६५ सालीं त्यानें ते तेथील विज्ञानसभेपुढें वाचले आणि १८६६ सालीं त्याचा निबंध छापून निघाला. एका प्रयोगांत त्यानें ७,३२४ दाणे मोजले. त्यांपैकीं ५,४७४ वाटोळे भरले आणि १,८५० सुरकुतलेले. तीनास एक हें जें प्रमाण त्यावरून निघालें, त्यावर पुढें सारें शास्त्र उभें राहिलें. परंतु १९३६ सालीं रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानें असा आक्षेप काढला कीं, मेंडेलचे आंकडे सिद्धांताशीं फारच सुरेख जुळतात; प्रत्यक्ष मोजणींत इतका मेळ क्वचितच बसतो. या आक्षेपाचीं उत्तरें पुष्कळांनीं दिलीं, पण वाद पुरता मिटला नाहीं; कारण मेंडेलच्या मूळ नोंदवह्या उरलेल्या नाहींत. निबंध आहे, बेरजा आहेत. रोजचीं टिपणें नाहींत. ज्या पुरुषानें एवढें शास्त्र दिलें, त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष द्यावयास त्याचीं स्वतःचीं पानें नाहींत, हें दुर्दैव होय. यावरून दप्तराचा पहिला नियम निघतो. यंत्रानें किंवा माणसानें प्रथम जें टिपलें तें जसेंच्या तसें, हात न लावतां जपून ठेवावें. शुद्धीकरण, बेरीज, वर्गवारी हें सारें त्याच्या प्रतीवर करावें. छापलेला निष्कर्ष म्हणजे दप्तर नव्हे.

आतां संगणकाच्या युगांतील चुका पाहूं गेल्यास त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चूक हास्यास्पद वाटावी इतकी साधी आहे. जनुकांच्या एका समूहास शास्त्रज्ञांनीं 'मार्च' असें संक्षिप्त नांव दिलें होतें आणि दुसऱ्या एका समूहास 'सेप्ट'. या नांवांचा पंचांगाशीं कांहीं एक संबंध नव्हता. तीं त्या त्या प्रथिनांच्या लांबलचक नांवांतील अक्षरें होतीं. प्रयोगशाळांतून मात्र जनुकांच्या याद्या 'एक्सेल' या आज्ञावलींत मांडण्याची वहिवाट पडली. ती आज्ञावली रचली गेली हिशेब व कचेरीचें काम करणाऱ्यांसाठीं. 'सेप्ट २' हीं अक्षरें रकान्यांत पडतांच तिनें समजावें कीं, ही २ सप्टेंबर ही तारीख आहे, आणि कोणास न विचारतां तसा बदल करून मोकळें व्हावें! शिवाय आंत ती मूळ अक्षरें ठेवीत नाहीं. दिवसांची एक संख्या ठेवते. मागाहून तो रकाना पुन्हां साध्या मजकुराचा केला, तरी जनुकाचें नांव परत येत नाहीं. येते ती एक पांच आंकडी संख्या. जपानमधील रिकेन संस्थेच्या ज्या खुणांच्या मध्यें 'ई' हें रोमन अक्षर येतें, त्यांची अशीच गत झाली. आंकड्यांच्या मधल्या त्या अक्षरास आज्ञावलीनें दहाच्या घाताचें चिन्ह समजावें आणि खुणेची एक अवाढव्य संख्या करून टाकावी.

या दोषाकडे २००४ सालीं एका शोधनिबंधानें जाहीरपणें लक्ष वेधलें. तरी लोक सावध झाले नाहींत. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मार्क झीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८ नियतकालिकांतील २००५ ते २०१५ या काळांतील निबंधांच्या जोडयाद्या तपासल्या. जनुकांच्या अशा याद्या जोडलेल्या ३,५९७ निबंधांपैकीं ७०४ निबंधांत, म्हणजे पांचांत जवळजवळ एकांत, बिघडलेलीं नांवें सांपडलीं. २०२१ सालीं त्यांच्याच गटानें अधिक विस्तृत पाहणी केली, तेव्हां हें प्रमाण शेंकडा ३०·९ निघालें. अखेर यंत्र बदलत नाहीं असें पाहून माणसांनींच माघार घेतली. मानवी जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें २०२० सालीं नवे नियम प्रसिद्ध केले आणि 'सेप्ट' चें 'सेप्टिन' व 'मार्च' चें 'मार्चएफ' झालें. एक्सेलमध्यें हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय २०२३ सालीं आली. परंतु जुन्या याद्या जगभर तशाच पडून आहेत, आणि त्यांतील १ मार्च ही तारीख नव्हे, हें ओळखण्याचें काम वाचणाराच्या माथीं आहे.

अशीच एक गोष्ट इंग्लंडमध्यें घडली. पण तिचा परिणाम इतका निरुपद्रवी नव्हता. २०२० सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस करोनाच्या सांथींत निरनिराळ्या प्रयोगशाळांकडून आलेले निकाल मध्यवर्ती खात्यांत एकत्र केले जात होते. त्यासाठीं वापरलेल्या फायलींचें स्वरूप जुन्या पद्धतीचें होतें, आणि त्या स्वरूपांत एका तक्त्यांत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत. ओळी वाढल्या, तक्ता भरला, आणि पुढच्या ओळी निमूटपणें गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यांतील १५,८४१ रुग्णांची नोंद अशी वेळेवर पुढें गेलीच नाहीं. रुग्णांना स्वतःचे निकाल मिळाले होते. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्या लोकांना सावध करण्याचें काम त्या नोंदींवर अवलंबून होतें, तें खोळंबलें. यंत्र मोडलें असतें तर आवाज झाला असता आणि कोणी तरी धांवलें असतें. येथें कांहींच मोडलें नाहीं. तक्ता भरला असतां आज्ञावलीनें 'जागा नाहीं' असें मोठ्यानें म्हणावयास हवें होतें; तें तिनें म्हटलें नाहीं, आणि आलेल्या ओळी व साठविलेल्या ओळी यांची संख्या कोणी रोज ताडून पाहिली नाहीं. किराणा दुकानाचा मुनीम दिवसाच्या अखेरीस रोकड मोजतो, त्याच साध्या रिवाजाची येथें उणीव होती.

चुकांचा आणखी एक वर्ग आहे, तो अधिक सूक्ष्म आहे. विदर्भांत व नंदुरबारच्या बाजूस अनेक समाजांत सिकलसेल हा रक्तविकार आढळतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांतील एकच अक्षर बदलल्यानें तो होतो. हा बदल एकाच जनकाकडून आला तर मूल केवळ वाहक ठरतें. दोघांकडून आला तर तें आजारी पडतें. आतां हें अक्षर आहे कोठें? मानवी जनुकसंचाच्या २००९ सालच्या प्रमाणप्रतीप्रमाणें तें ५२,४८,२३२ व्या स्थानीं आहे. २०१३ सालच्या सुधारलेल्या प्रमाणप्रतीप्रमाणें तेंच अक्षर ५२,२७,००२ व्या स्थानीं आहे. दोहोंत २१,२३० अक्षरांचें अंतर पडतें, आणि दोन्ही आंकडे बरोबर आहेत. ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत एकच श्लोक निराळ्या पृष्ठावर यावा, तसा हा प्रकार. एवढ्यानें भागत नाहीं. प्रथिनांतील जागा सांगतांना जुने लोक सहावी म्हणतात, नवे नियम सातवी म्हणतात. कारण आरंभींचा, मागाहून कापून टाकला जाणारा घटक धरावा कीं न धरावा, एवढाच मतभेद. डी.एन.ए.च्या एका धाग्यावरून वाचलें तर 'ए'च्या जागीं 'टी' आला असें दिसतें, आणि समोरच्या धाग्यावरून वाचलें तर 'टी'च्या जागीं 'ए'. शिवाय कांहीं फायली पहिल्या अक्षरास एक म्हणतात, तर कांहीं शून्य म्हणतात. म्हणून स्थानाच्या आंकड्याजवळ आवृत्ति, धागा आणि मोजण्याची रीत यांची नोंद नसेल, तर तो आंकडा म्हणजे गांवाचें नांव नसलेला घरक्रमांक होय. पत्र कोणाच्या तरी घरीं पोंचेल. पण ज्याचें आहे त्याच्या घरीं पोंचेलच असें नाहीं.

एका घरानें पत्र चुकलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. २००६ सालीं ड्यूक विद्यापीठांतील एका गटानें असें प्रसिद्ध केलें कीं, कर्करोगाच्या पेशींतील जनुकांची हालचाल पाहून कोणतें औषध कोणास लागू पडेल, हें आधीं सांगतां येतें. ही वार्ता फार आशादायक होती. ह्यूस्टन येथील कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं ते आंकडे पुन्हां करून पाहण्याचें मनांत घेतलें आणि त्यांना निरनिराळ्या गोष्टी आढळल्या. जनुकांची यादी एका ओळीनें सरकली होती, म्हणजे प्रत्येक आंकडा शेजारच्या जनुकाच्या नांवावर पडला होता. कांहीं ठिकाणीं 'औषध लागू पडतें' आणि 'लागू पडत नाहीं' या दोन खुणांचीच अदलाबदल झाली होती. त्यांनीं आपलें विवेचन २००९ सालीं प्रसिद्ध केलें. तोंवर या पद्धतीच्या आधारें प्रत्यक्ष रुग्णांवर चांचण्या सुरूहि झाल्या होत्या. त्या २०१० सालीं बंद झाल्या आणि मूळ निबंध २०११ सालीं मागें घेण्यांत आला. पुढें २०१५ सालीं सरकारी चौकशींत, नुसता गलथानपणा नव्हे तर खोटी माहिती घालण्याचा गैरप्रकारहि त्यांत होता, असें ठरलें. परंतु त्या दोघांनीं जें प्रथम पकडलें तें पाप नव्हतें. ती एक सरकलेली ओळ होती. दप्तर अव्यवस्थित असलें म्हणजे भोळी चूक आणि मुद्दाम केलेली लबाडी यांचीं तोंडें सारखींच दिसतात, हा त्यांतील खरा बोध आहे.

दप्तरांत बिघाड आहे असा संशय आला, म्हणजे जाणता कार्यकर्ता प्रथम काय करतो? तो प्रथम हात आंवरतो. घाईनें मूळ तक्त्यांत दुरुस्ती करूं लागणें म्हणजे चोरी झालेल्या खोलींत झाडलोट करण्यासारखें आहे. पुरावाच नाहींसा होतो. तो आहे त्या स्थितीची प्रत काढतो आणि पुढचें सर्व काम त्या प्रतीवर करतो. यंत्रानें दिलेला दोषसंदेश तो शब्दशः उतरवून घेतो. 'कांहीं तरी चुकलें असें आलें' या वाक्यानें कोणाचेंच काम होत नाहीं. कोण काम करीत होतें, केव्हां, आज्ञावलीची कोणती आवृत्ति होती, हें तो टिपतो. मग तोच दोष पुन्हां घडवून आणण्याचा यत्न करतो. जो दोष बोलावल्यावर येतो तो अर्धा सुटल्यासारखाच असतो. जो आपल्या लहरीनें येतो तो कठीण. काल चालत होतें आणि आज चालत नाहीं, तर मध्यंतरीं काय बदललें, हा त्याचा पुढचा प्रश्न. आणि उपाय करतांना तो एका वेळीं एकच गोष्ट बदलतो. कारण वैद्यानें तीन औषधें एकदम दिलीं तर गुण कोणाचा, हें त्यासहि कळत नाहीं.

हजार ओळींची फाईल संगणक स्वीकारीत नसेल, तर हजार ओळी वाचीत बसण्याचें कारण नाहीं. फाईलीचे दोन समान भाग करावेत आणि कोणता भाग नाकारला जातो तें पाहावें. त्याचे पुन्हां दोन भाग करावेत. ओळ एकच दोषी असेल तर दहा पायऱ्यांत ती हातीं लागते. मग बहुधा असें आढळतें कीं, दोष डोळ्यांना दिसणारा नव्हताच. जनुकाच्या नांवामागें एक रिकामी जागा राहिली होती, किंवा शून्याच्या जागीं रोमन 'ओ' पडला होता. माणसास दोन्ही एक दिसतात. यंत्रास तीं दोन निरनिराळीं जनुकें वाटतात.

चूक सांपडली म्हणजे काम संपलें, असें मात्र जबाबदार प्रयोगशाळा मानीत नाहीं. हीच चूक आणखी किती नोंदींत शिरली, ती केव्हांपासून चालू होती, आणि त्या काळांत कोणकोणते अहवाल बाहेर गेले, हे तीन प्रश्न उरतात. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर संकोचाचें असतें. ज्यांना चुकीचा अहवाल गेला त्यांना स्वतः होऊन कळविणें, यांतच प्रयोगशाळेची परीक्षा होते.

चुका होऊंच नयेत यासाठीं ज्या चालीरीती पाळल्या जातात, त्या ऐकावयास सामान्य आहेत. एका रकान्यांत एकच गोष्ट लिहावी. नमुन्याच्या क्रमांकांत रोग, गांव, लिंग असा अर्थ कोंबूं नये. कारण अर्थ पुढें चुकीचा ठरतो आणि क्रमांक मात्र बदलतां येत नाहीं. नळीवर निदान दोन स्वतंत्र खुणा असाव्यात, आणि क्रमांक हातानें उतरविण्यापेक्षां पट्ट्यांच्या बारकोडवरून यंत्रानें वाचावा. ०३/०४ अशी तारीख लिहूं नये. ती कोणास ३ एप्रिल वाटते तर कोणास ४ मार्च. वर्ष, महिना, दिवस या क्रमानें लिहिण्याची आंतरराष्ट्रीय रीत १९८८ सालीं ठरलेली आहे, तीच पाळावी. रिकामा रकाना ही तर मोठी फसवी वस्तु आहे. तपासणी झाली नाहीं, तपासणी झाली पण निकाल लागला नाहीं, आणि निकाल शून्य आला, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. आनुवंशिकींत फार प्रचारांत असलेल्या एका आज्ञावलींत माहिती नसल्याची खूण म्हणून उणें ९ हा आंकडा लिहितात. ही खूण ठाऊक नसलेल्या माणसानें त्या रकान्याची सरासरी काढली, म्हणजे ती भलतीच निघते आणि तरीहि ती छापली जाण्याइतकी नीटनेटकी दिसते.

चांगला माहितीकोश याहून एक पाऊल पुढें जातो. ज्या रकान्यांत चारच उत्तरें संभवतात तेथें पांचवें तो घेतच नाहीं. नमुन्याची नोंद नसतां त्याचा निकाल तो स्वीकारीत नाहीं. दहा ओळी मिळून एक व्यवहार होत असेल, तर वीज गेली असतांहि दहाच्या दहा ओळी टिकतात किंवा एकहि टिकत नाहीं. अर्धवट व्यवहार तो ठेवीत नाहीं. आणि दुरुस्ती करतांना जुनें पुसत नाहीं. जुन्या प्रयोगशाळांत चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारून शेजारीं सही व तारीख घालण्याचा नियम असे, म्हणजे खालचा शब्द वाचतां येई. संगणकांतहि कोणी, केव्हां, काय होतें तें काय केलें, याची वेगळी नोंद राहते. व्यक्तीचें नांव आणि तिचीं जनुकें एकाच कुलुपांत ठेवूं नयेत, हाहि त्यांतलाच नियम. कारण हें दप्तर एकट्या माणसाचें कधींच नसतें, त्याच्या भावंडांचें व मुलांबाळांचेंहि असतें.

प्रती करून ठेवणें सर्वांना ठाऊक आहे. ती प्रत परत वापरतां येते कीं नाहीं, हें पाहणें फार थोड्यांना सुचतें. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर २०२१ सालच्या डिसेंबरांत प्रती जपणाऱ्या व्यवस्थेनेंच घोटाळा केला. चालू असलेल्या आज्ञावलींत मध्येंच बदल केल्यानें तिनें जुन्या नोंदींबरोबर कामाच्या फायलीहि पुसून टाकल्या. १४ संशोधकगटांच्या सुमारें ३ कोटी ४० लक्ष फायली गेल्या. त्यांतील कांहीं गटांच्या फायली परत मिळाल्याच नाहींत. म्हणून प्रती निदान तीन असाव्यात, एक दूरच्या गांवीं असावी, आणि वर्षांतून कांहीं वेळां तीवरून दप्तर खरोखर उभें करून पाहावें.

आनुवंशिकीच्या दप्तरास इतर दप्तरांपेक्षां एक मोठी सोय आहे. निसर्गाचे नियमच येथें हिशेब तपासणाऱ्याचें काम करितात. मुलाचें प्रत्येक अक्षर आईकडून किंवा बापाकडून आलेलें असावें लागतें. ज्या नमुन्यावर 'स्त्री' असें लिहिलें आहे त्यांत 'वाय' गुणसूत्राचा अंश दिसला, तर बहुधा नळ्यांची अदलाबदल झालेली असते. असे मेळ न बसणारे नमुने संगणक क्षणांत वेगळे काढतो. परंतु येथेंच सर्वांत कठीण मोह उभा राहतो. मेळ बसत नाहीं म्हणून ती नोंद 'दुरुस्त' करावी, किंवा काढून टाकावी, असें वाटूं लागतें.

या मोहाचें उत्तर मुंबईनेंच जगास दिलें आहे. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत एक चमत्कारिक रक्तगट प्रसिद्ध केला. नेहमींच्या परीक्षेंत तें रक्त 'ओ' गटाचें दिसे. परंतु 'ओ' गटाचें दुसरें रक्त त्याच्याशीं मिळविलें कीं गुठळ्या होत. पुढें कारण उलगडलें. 'ए' व 'बी' या खुणा ज्या 'एच' नांवाच्या पायावर उभ्या राहतात, तो पायाच या माणसांच्या रक्तकणांत नसतो. त्यांच्याजवळ 'ए' किंवा 'बी' चें जनुक असलें तरी तें रक्तकणांवर दिसत नाहीं. मात्र तें मुलांकडे जाऊं शकतें. यामुळें ज्या घरांत कागदोपत्रीं येऊंच नये असा गट, त्या घरांत मूल तो गट घेऊन जन्मास येतें. तपासणारी आज्ञावली म्हणेल, 'चूक.' अविचारी कारकून नोंद बदलील. संशयी शेजारी त्याहून वाईट कांहीं म्हणतील. वस्तुतः आईहि निर्दोष असते, नळीहि बरोबर असते. रकान्यांत 'ओ' खेरीज दुसरें उत्तर लिहावयास जागा नव्हती, एवढेंच. बॉम्बे गट या नांवानें आज सर्वत्र ओळखलें जाणारें हें रक्त भारतांत सुमारें १०,००० माणसांमागें एकाचें असतें. अशा माणसास साधें 'ओ' रक्त चढविणें प्राणावर बेततें. त्यास त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. त्या वेळच्या तपासणाऱ्यांनीं न जुळणाऱ्या नळ्या मोरींत ओतून 'ओ' असें लिहिलें असतें, तर वही स्वच्छ दिसली असती आणि सत्य वाहून गेलें असतें.

तेव्हां दप्तराची शिस्त म्हणजे नोंदी एकसारख्या करण्याची हौस नव्हे. विसंगत नोंदीपुढें खूण करावी, नमुना पुन्हां मागवावा, दुसऱ्या रीतीनें तपासावा, आणि तरीहि ती विसंगत राहिली तर तिला तिच्या विसंगतीसह मान देऊन जपावें. निम्म्या वेळां ती चूक ठरेल. कधीं काळीं ती शोध ठरेल. कोणती कोण, हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं, म्हणूनच दोहोंस सारखें जपावें लागतें.

घरोघरीं आतां अशा अहवालांचे कागद येऊं लागले आहेत. ते कागद हातीं आल्यावर घरच्या माणसांनींहि थोडी दक्षता घेतली तर प्रयोगशाळेस साह्यच होतें. नांव, वय व नमुना घेतल्याची तारीख बरोबर आहे कीं नाहीं, तें प्रथम पाहावें. तपासणीची रीत व प्रमाणप्रतीची आवृत्ति लिहिली नसेल तर विचारावी. जुना अहवाल नवा आला म्हणून फाडूं नये. आणि निकाल घरच्या माहितीशीं विसंगत वाटला तर घाबरून निष्कर्ष काढण्याआधीं, किंवा लाजून कागद दडवून ठेवण्याआधीं, दुसऱ्यांदा रक्त द्यावें. चार थेंब रक्तानें ज्या शंकेचें निरसन होतें, ती शंका घरांत वर्षानुवर्षें बाळगण्याचें कांहींच कारण नाहीं.